लंगडी, ढांग, उडी

– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धांच्या दिवशी उंच उडीच्या आडव्या काठीने मला तीनदा नाकारलं. काठी १.३५ मीटरवर होती. पहिल्या खेपेला टाच लागली, दुसऱ्या खेपेला पाठ लागली आणि तिसऱ्या खेपेला मी जी धावत गेले ती काठीखालूनच पलीकडे गेले. बघणारे हसले. मीही हसले. रडण्यापेक्षा ते बरं दिसतं.

शाळेत असल्यापासून मी उंच उडीच मारत आले होते. गावच्या शाळेत दोन बांबूंमध्ये सुतळी बांधून सरांनी मला उडी शिकवली, आणि जिल्ह्यापर्यंत नेलंही. पण सुतळी अंग लागलं की मागे सरकते, काठी मात्र पडते, आणि पडताना आवाज करते. तो आवाज कानात घेऊन मी झाडाखाली बूट सोडत बसले होते. तेवढ्यात जिमखान्याचे सर आले आणि म्हणाले, “तिहेरी उडीत आपल्या कॉलेजचं कोणीच नाही. जागा रिकामी जाण्यापेक्षा तू उतर.”

“मला येत नाही, सर.”

“लंगडी येते ना? आधी लंगडी, मग एक लांब ढांग, मग उडी. झालं!”

लंगडी येत नाही असं कोणती मराठी मुलगी म्हणेल? मी पुन्हा बूट बांधले. पहिल्या उडीला पाय फळीच्या पुढे पडला, लाल निशाण वर झालं. दुसऱ्या उडीलाही लाल निशाण. तिसऱ्या उडीला मी फळीच्या वीतभर अलीकडूनच पाय उचलला आणि कशीबशी वाळूत जाऊन पडले. पंचांनी फीत लावली, १०.१८ मीटर. चौथा क्रमांक. चौथ्याला पदक नसतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात नावही नसतं. पण मला त्या दिवशी जे काही मिळालं, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहिते आहे.

संध्याकाळच्या एस. टी.त खिडकीशी बसून माझ्या मनात एक साधा प्रश्न आला. जगात ही उडी सगळ्यांत चांगली कोण मारतं? घरी गेल्यावर धाकट्या भावाचा मोबाईल मागून घेतला. अंगणात बाजेवर बसून शोधता शोधता एक नाव समोर आलं : कातेरिन इबार्ग्वेन. उंच, सावळी, कुरळ्या केसांची बाई. धावायच्या आधी ती हात वर करून टाळ्या वाजवते, सगळ्या स्टेडियमला वाजवायला लावते, आणि हसते. स्पर्धेच्या ऐन वेळी हसणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, आपार्तादो या गावी १२ फेब्रुवारी १९८४ रोजी तिचा जन्म झाला. बालपण गेलं ते समुद्रकाठच्या तुर्बो या गावात. हा सगळा उराबा नावाचा मुलूख केळीच्या मळ्यांचा. केळी परदेशी जायची, आणि मळ्यांत राबणारी माणसं होती तिथेच राहायची. शिवाय सशस्त्र गटांच्या संघर्षात हा मुलूख कित्येक वर्षं होरपळत होता. त्या धामधुमीत तिचे आईवडील एकमेकांपासून दुरावले, आणि कातेरिनला तिच्या आजीने, आयोला रिवास यांनी, वाढवलं.

इथवर वाचलं आणि मी मोबाईल खाली ठेवला. चुलीपुढे आजी भाकरी थापत होती.

माझे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक येतो. भांडीकुंडी, कोंबड्या, दोन पोती बाजरी असं सगळं वर चढतं आणि गाव अर्धं होतं. ते परततात कारखान्याचा पट्टा पडल्यावर, पाडव्याच्या आगेमागे. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने मी आणि माझा भाऊ आजीचे. पहिली ते बारावी माझ्या प्रगतिपुस्तकावर सहामाहीला आजीचाच अंगठा आहे. तुर्बोमध्ये बंदुका होत्या, आमच्याकडे कोयता आहे; दोन्ही गोष्टी एक नव्हेत, हे मला कळतं. तिची आईवडिलांशी ताटातूट झाली, माझे आईवडील दर वर्षी परत येतात. तरी आजीच्या हातची भाकरी खाऊन मोठी झालेली मुलगी जगाच्या त्या टोकालाही आहे, हे वाचून कोणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं वाटलं.

आणि पुढे जे वाचलं ते तर माझ्यासाठीच लिहिलं असावं! ही बाई मुळात तिहेरी उडीची नव्हतीच. तीही उंच उडी मारायची. मेडेलिन शहरात राहून तिने उंच उडीचाच सराव केला आणि १.९३ मीटरपर्यंत मजल मारली. २००४ साली अथेन्स ऑलिंपिकला ती गेली, पण पात्रता फेरीतूनच बाहेर पडली. पुढच्या, म्हणजे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला तर तिला जाताच आलं नाही. वय चोवीस. खेळ सोडून द्यावा असं तिच्या मनात येऊ लागलं.

पुढची गोष्ट सांगण्याआधी माझी एक गोष्ट सांगून टाकते. वर्गातल्या मैत्रिणींना ती अर्धीच ठाऊक आहे. दहावीला मला चांगले गुण पडले, तेव्हा गावात सगळे म्हणाले, “सायन्सला घाला. पोरगी नर्स होईल.” आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं कोणी नाही, सायन्स म्हणजे काय आणि आर्ट्‌स म्हणजे काय हे सांगणारंही कोणी नव्हतं. मलाही पांढरा गणवेश आवडत होता. पण बारावीला भौतिकशास्त्रात मी नापास झाले. पुरवणी परीक्षेत सुटले, मात्र नर्सिंगचा दरवाजा तोवर बंद झाला होता. मग या कॉलेजात कला शाखेत नाव घातलं. गावात पारावर बोललं गेलं, “पोरगी वाया गेली. आर्टला गेली.” जणू आर्ट हे एखाद्या आजाराचं नाव असावं. मागच्या वर्षी मराठीच्या तासाला मी मागच्या बाकावर बसत असे, त्याचं कारण हे होतं. आपण हरून इथे आलो आहोत, हे कोणाला कळू नये असं वाटायचं.

कातेरिनही हरूनच दुसरीकडे गेली. पोर्टो रिको या बेटावर तिला शिष्यवृत्ती मिळाली. उबाल्दो दुआनी हे क्यूबाचे प्रशिक्षक तिथे तिला लाभले. तिची चण, तिचा वेग, तिची उसळी पाहून त्यांनी सांगितलं की काठी सोड, तिहेरी उडी घे. वयाच्या पंचविशीत, जेव्हा खेळाडूच्या अर्ध्या वाटा बंद झालेल्या असतात, तेव्हा तिने नवी उडी पहिल्यापासून शिकायला घेतली. आणि दिवसा काय करत होती? विद्यापीठात नर्सिंग शिकत होती! तिने ते शिक्षण पुरंही केलं. हे वाचून क्षणभर मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू? तिला मैदानही मिळालं आणि तो पांढरा गणवेशही.

आता या उडीविषयी थोडंसं, कारण आपल्याकडे ती फारशी कोणी पाहिलेली नसते. पळत येऊन वीस सेंटिमीटर रुंद फळीवर एक पाय आपटायचा. त्याच पायावर पुन्हा उतरायचं, ही झाली लंगडी. मग दुसऱ्या पायावर उतरायचं, ही ढांग. आणि त्या पायाने उसळून वाळूत, ही उडी. जागतिक स्पर्धांत बायकांची फळी वाळूपासून अकरा मीटरवर असते. म्हणजे पहिल्या दोन टप्प्यांतच साधारण नऊ-दहा मीटर तोडावे लागतात. प्रत्येक उतरणीला शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार एकट्या पायावर येतो. गुडघा जरा वाकला की वेग गेला, आणि वेग गेला की उडी गेली.

पुरुषांची तिहेरी उडी १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून आहे. बायकांची मात्र ऑलिंपिकमध्ये आली १९९६ साली, अटलांटाला. बरोबर शंभर वर्षांनी! बायकांच्या शरीराला ही उडी सोसणार नाही, अशी समजूत होती. गंमत अशी की आमच्या गल्लीतल्या मुली शतकानुशतकं लंगडी खेळत होत्या आणि त्यांना हे कोणी कळवलंच नव्हतं. कातेरिन तेव्हा बारा वर्षांची होती. म्हणजे ती लहान असताना, मोठेपणी जिच्यात नाव काढायचं ती शर्यत बायकांसाठी धड अस्तित्वातही आलेली नव्हती. आपलं आयुष्य कोणत्या दाराने आत येणार आहे, ते दार बांधून झालं आहे की नाही, हेही आपल्याला ठाऊक नसतं.

नवी उडी घेतल्यावर तिचं यश भराभर आलं असं दिसतं, पण आकडे जवळून पाहिले की कळतं, ते सेंटिमीटर सेंटिमीटरने आलं. २०११ साली देगू येथील जागतिक स्पर्धेत १४.८४ मीटर, कांस्यपदक. २०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये १४.८० मीटर, रौप्यपदक. तिसरी आलेली युक्रेनची ओल्हा सालादुखा तिच्यापेक्षा किती मागे होती? एक सेंटिमीटर! माझ्या करंगळीच्या नखाएवढं अंतर. पहिली आली कझाकस्तानची ओल्गा रिपाकोवा, १४.९८ मीटर. याच लंडनच्या पात्रता फेरीत आपली मयूखा जॉनीही उतरली होती. २०११ साली चौदा मीटर ओलांडणारी ती पहिली भारतीय महिला ठरली होती, आणि त्याच साली कोबे येथे तिने १४.११ मीटर उडी मारली होती. लंडनला तिला अंतिम फेरी गाठता आली नाही. पण त्या वाळूत एक भारतीय पाऊलही उमटलं होतं, एवढं मला पुरेसं वाटलं.

लंडननंतर मात्र कातेरिन थांबलीच नाही. २०१३ साली मॉस्कोला आणि २०१५ साली बीजिंगला ती जगज्जेती झाली. २०१४ साली मोनाकोला तिने १५.३१ मीटर उडी मारली, ती तिची सर्वांत मोठी. लंडनच्या त्या रौप्यपदकानंतर लागोपाठ चौतीस स्पर्धांत तिला कोणी हरवू शकलं नाही. ही माळ २०१६ च्या जून महिन्यात बर्मिंगहॅमला तुटली, आणि तोडली ती त्याच रिपाकोवाने. ऑलिंपिक दोन महिन्यांवर आलं असताना! अशा वेळी माणूस खचतं. ती रिओला गेली आणि १५.१७ मीटर उडी मारून सुवर्णपदक घेऊन आली. मैदानी खेळांत कोलंबियाला मिळालेलं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण.

पंधरा मीटर सतरा म्हणजे नेमकं किती, हे मला कळेना. एके दिवशी सरांकडून फीत मागून घेतली. मैत्रीण एका टोकाला उभी राहिली, मी दुसऱ्या. मध्ये एक अख्खी एस. टी. बस उभी राहिली असती, आणि वर जागा उरली असती. मैत्रीण लांबून ओरडली, “अगं, हे तीन उड्यांत?” मी मान हलवली. दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

आजीलाही मी रिओची उडी दाखवली. तिने मोबाईल डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि म्हणाली, “एवढं पळून शेवटी वाळूतच पडायचंय व्हय?” मग पुन्हा एकदा लाव म्हणाली. पुन्हा पाहून झाल्यावर म्हणाली, “पर पडून हसती की गं ती.”

या बाईची गोष्ट सुवर्णपदकापाशी संपवली असती तर लेख अधिक देखणा झाला असता. पण मला तिची पुढची वर्षं जास्त शिकवून गेली. रिओला तिच्या खालोखाल व्हेनेझुएलाची वीस वर्षांची युलिमार रोहास होती, १४.९८ मीटर. पुढच्याच वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेत रोहासने तिला हरवलं, १४.९१ विरुद्ध १४.८९. दोन सेंटिमीटर. तरी कातेरिन सरली नाही. २०१८ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तिने तिहेरी उडीबरोबर लांब उडीतही डायमंड लीगचा किताब जिंकला आणि जगातली वर्षाची सर्वोत्तम महिला अ‍ॅथलीट म्हणून तिची निवड झाली. २०१९ साली दोहाला कांस्यपदक. आणि मग टोकियो. २०२१ साली झालेल्या त्या ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाला तिने आपल्या देशाचा ध्वज धरला होता. अंतिम फेरीत पहिल्या तीन उड्यांनंतर तेव्हा आठजणींनाच पुढे जाता येत होतं. ती दहावी आली. त्याच संध्याकाळी, त्याच वाळूत रोहासने १५.६७ मीटर उडी मारून इनेसा क्रॅव्हेट्‌सचा १९९५ सालचा १५.५० मीटरचा विश्वविक्रम मोडला.

जिने आपलं शिखर घेतलं तिचा विक्रम होताना पाहायला दहावीने तिथे असावं, याला दैवाची थट्टा म्हणावी की मोठेपणा, हे मला ठरवता येत नाही. टोकियोनंतर कातेरिनने खेळ सोडला. आणि रोहास? तिने २०२२ साली बेलग्रेडला बंदिस्त मैदानात १५.७४ मीटर उडी मारून विक्रम आणखी पुढे नेला, पण २०२४ साली टाचेची शीर दुखावल्यामुळे तिचं पॅरिस ऑलिंपिक हुकलं. तिथे सुवर्ण घेतलं डॉमिनिका या चिमुकल्या बेटाच्या थिया लाफाँडने. वाळू कोणाचाच ठसा ठेवत नाही. प्रत्येक उडीनंतर माणूस दाताळं घेऊन येतो आणि ती सारखी करतो. मैदानावर हे मी स्वतः पाहिलं आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं, पुढच्या मुलीला सपाट वाळू मिळावी म्हणूनच ते असतं.

आमचे सर म्हणतात, तिहेरी उडीत सगळ्यांत कच्ची राहते ती ढांग. लंगडीला पळण्याचा जोर असतो, उडीला वाळूची ओढ असते. मधल्या ढांगेला काहीच नसतं. नवशिकी मुलगी लंगडी उंच मारते, जोरात आदळते, आणि ढांग आखडून जाते. मग शेवटची उडी कितीही जीव खाऊन मारली तरी उपयोग नसतो. बघणाऱ्याच्या लक्षात ढांग राहत नाही, पण उडी जाते ती तिथेच.

आपली बी. ए. तीन वर्षांची. मी मधल्या वर्षात आहे.

मागच्या आठवड्यात फडावरून अण्णांचा फोन आला. एक स्थळ सांगून आलं आहे, मुलगा कष्टाळू आहे, तोडीलाच जातो. आमच्याकडे नवराबायको मिळून एक कोयता होतो. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, आणि मुकादम उचल देताना ते पाहतो. अण्णांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातांना पडलेले घट्टे मी दर उन्हाळ्यात पाहते. ते म्हणाले, “शिकलीस तेवढं पुष्कळ झालं बाई. नर्स तर काही होणार नाहीस.” मी म्हटलं, “अण्णा, मला तिसरं वर्ष करू द्या. मला शिक्षिका व्हायचंय.” हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. बोलेपर्यंत मलाही ते नीट ठाऊक नव्हतं. मराठीच्या तासाला मी मागच्या बाकावरून पुढे कधी सरकले, हे जसं माझ्या लक्षात आलं नाही, तसंच हे.

फोनवर बराच वेळ कोणी बोललं नाही. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. तेवढ्यात आजीने माझ्या हातातून फोन घेतला आणि आपल्या लेकाला म्हणाली, “हे बघ, पोरीची एक उडी ऱ्हायलीय अजून. मारू दे तिला.”

अण्णा म्हणाले, “पाडव्याला आल्यावर बघू.”

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पाडवा जवळ आलेला असेल. काय ठरेल ते मला सांगता येत नाही. कातेरिनला पोर्टो रिकोला नेणारी शिष्यवृत्ती होती, माझ्याकडे एस. टी.चा पास आहे आणि आजी आहे. पण एवढं मात्र मला कळलं आहे की काठी पडली म्हणून मैदान संपत नाही, आणि दुसऱ्या दाराने आलेल्या माणसाने मागच्या बाकावर बसायचं कारण नसतं.

सध्या मी रोज संध्याकाळी एस. टी. येईपर्यंत मैदानावर असते. फक्कीने तीन खुणा करते. लंगडी थोडी खाली ठेवते आणि ढांगेचा सराव करते.